मग सोडताय कशाला?

कुंभारी,
५ जानेवारी २०२५

आत्या, पाया पडते.

तू दिवाळीत बिरुदेवदादाकडं राहायला गेलीस ती गेलीसच. इकडं तुझ्या कांड्या भरायच्या मशीनवर आता निंगव्वा बसते. सूत तुटलं की तुझं नाव घेऊन ओरडते, "म्हाळसाबाई, कसं सांभाळत होता हो हिला!" मशीनला ती 'हिला' म्हणते. शिवकुमारअण्णा केबिनमधून ऐकतात आणि हसतात. मालक असून त्या माणसाला हसायला लाज वाटत नाही, तेवढं बरं आहे.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि दादाचा फोन मेंढरांमागं माळावर असतो, म्हणून कागद घेऊन बसलेय. आई म्हणते, या जमान्यात पत्र कोण लिहितं? म्हटलं, जिची आत्या सातवीपर्यंत शिकलीय आणि अक्षर माझ्यापेक्षा चांगलं काढते, ती लिहिते.

आता मुद्द्यावर येते. मी दुसरीकडं अर्ज केलाय. होटगी रोडला टॉवेल परदेशी पाठवणाऱ्यांचं मोठं ऑफिस आहे. त्यांना माल तपासायला माणूस हवंय. म्हणजे मी अण्णांकडं करते तेच काम, पण इथं यंत्रमागांच्या रांगेत उभं राहून करते, तिथं काचेच्या खोलीत बसून करायचं. त्या इमारतीत माग एकही नाही. मुलाखत सोळा तारखेला आहे.

शेजारची अंकिता अशा मुलाखती देऊन देऊन पक्की झालीय. ती म्हणते, एक प्रश्न हमखास येतो: आधीची नोकरी का सोडताय? त्यावर 'ग्रोथ हवीय' म्हणायचं, सगळे तेच म्हणतात. मी आरशासमोर म्हणून बघितलं. आत्या, मलाच हसू आलं. खताचं पोतं विकायला उभी राहिल्यासारखी दिसत होते.

तूच मला हाताला धरून या कारखान्यात नेलंस. मग तूच सांग, काय बोलू? अण्णांना अजून सांगितलेलं नाही. सांगायला गेले की टॉवेलांचंच काहीतरी बोलून परत येते.

तुझी,
सोनाली


धनगरवस्ती, ता. सांगोला
११ जानेवारी

सोने,

पत्र मिळालं. पोस्टमन वस्तीवर आला तर समदी गोळा झाली, कुणाला काय झालं म्हणून. म्हटलं, काय झालं न्हाय, माज्या भाचीचं पत्र हाय. लई ऐटीत सांगितलं. आन घरात येऊन वाचलं तर डोकंच फिरलं माजं.

अण्णानं तुजं काय वाकडं केलंय गं? बारावी करून आलीस तवा कांड्या भरत हुतीस. त्येनंच तुला तपासणीच्या टेबलावर उभी केली. बी.कॉम.च्या परीक्षेला तुजी पाळी बदलून दिली, आन ज्यानं कुरकुर केली त्येला म्हणाला, "तू बी परीक्षा दे, तुजी बी बदलतो." इसरलीस व्हय?

आन माजं बघ. माजे कान गेले तवा दुसऱ्या कुणीबी मला घरी बसीवली असती. बहिरी बाई कारखान्यात कशाला पायजे? कुणी वरडलं तर तिला कळायचं न्हाय. अण्णानं काय केलं? माज्या मशीनवर लाल बल्ब लावला आन त्येचं बटन दाराजवळ ठिवलं. मला हाक मारायची असली की बटन दाबायचं. बल्ब लागला की मी मान वर करायची. चहा आला तरी बल्ब, पगार आला तरी बल्ब. बिरुदेवाला पोरगं झालं तवा तर अण्णानं त्यो बल्ब असा मिचमिच लावला की मला वाटलं कारखान्याला आगच लागली.

तवा ऐक. तितं बसून अण्णाच्या नावानं एक सबूद वाकडा काडायचा न्हाय. त्ये ग्रोथ का काय मला कळत न्हाय. त्येनं जे जे चांगलं केलं त्ये समदं सांग. पोरगी चांगल्या जाग्यावरनं आली एवढं त्यास्नी कळलं की बास.

पण एक इचारते. तुला जायचं कशापायी हाय? एवढं लांबलचक लिवलंस, त्येवढंच लिवलं न्हाईस.

तुजी आत्या,
म्हाळसाबाई


कुंभारी,
१८ जानेवारी

आत्या, पाया पडते.

मुलाखत झाली. तुझ्या सल्ल्याप्रमाणं वागले आणि तोंडावर आपटले. रागावू नकोस, आधी सगळं वाच.

आत गेले तर इतकी शांतता की मला माझ्याच चपलांची लाज वाटायला लागली. समोर एक मॅडम, उजव्या हाताला एक साहेब. मॅडमनी नाव विचारलं. मी सांगितलं. पण सवय कुठं जाणार? मागावर सांगतो तसं सांगितलं. बाहेर बसलेला माणूस दार उघडून बघून गेला. मॅडम म्हणाल्या, "हळू बोललात तरी चालेल हो." पुढं पाच मिनिटं मी इतकी हळू बोलले की त्यांनाच पुढं वाकावं लागलं. साहेब उजवीकडून काहीबाही विचारत होते, ते मला नीट कळेना, म्हणून मी खुर्चीच वळवली. इतकी वळवली की मॅडमकडं माझी पाठ व्हायची वेळ आली.

मग त्यांनी टॉवेलांचा गठ्ठा पुढं टाकला. ते काम मात्र चोख झालं. हात लागल्यावर माझी भीती गेली. साहेब खूश दिसले. मला वाटलं, झालं काम.

आणि तेव्हा मॅडमनी विचारलं, "सध्याची नोकरी का सोडताय?"

मी सुरू झाले. अण्णांनी मला टेबलावर कसं आणलं, परीक्षेला पाळी कशी बदलून दिली, तुझा लाल बल्ब, दिवाळीला प्रत्येक बाईला आपल्याच मागावरची चादर कशी देतात, सगळं सांगितलं. बल्बचं सांगताना मला भरून आलं. मॅडमनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाल्या, "इतकं चांगलं आहे, मग सोडताय कशाला?"

मी परत म्हटलं, "तिथं खूप चांगलं आहे." त्यांनी साहेबांकडं बघितलं, साहेबांनी त्यांच्याकडं. मला कळलं त्यांना काय वाटलं ते. या पोरीला काढून टाकलेलं दिसतंय, नाहीतर काहीतरी भानगड आहे. मॅडम चांगल्या होत्या, तोडून बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचं काम आवडलंय. पण याचं उत्तर हवं आम्हाला. तीन फेब्रुवारीला परत या. त्या दिवशी तुमच्या मालकांशीही बोलू."

म्हणजे आता अण्णांना कळणार, तेही परक्या बाईच्या तोंडून. आणि उत्तर दिलं नाही तर ही नोकरीही जाणार. मला ही नोकरी हवीय आत्या. खूप हवीय.

तू विचारलंस, कशापायी जायचंय. अगं, शिकायला मिळेल, कॉम्प्युटर येईल. बाकी काही नाही.

तुझी,
सोनाली


धनगरवस्ती
२४ जानेवारी

सोने,

तुजं पत्र वाचून आदी पोट धरून हसले. सूनबाईलाबी वाचून दाकीवलं, ती चपलांपाशी हसली, मी पाठीपाशी. मग रातच्याला भाकरी झाल्यावर मनातल्या मनात परत आठवत बसले आन त्या खुर्चीपाशी माजं हसू गेलं.

पोरी, खुर्ची कशाला वळवलीस गं?

मी बी वळवत हुते. भावकीतल्या भारतच्या लग्नात मी पंगतीतनं ताट उचललं आन पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. समदी म्हणाली, म्हाळसा रुसली. मी कुटली रुसतीय! उजव्या अंगाला बसलेली व्याहीण काय बोलती त्ये मला कळत नव्हतं. तवा मी कुणालाच सांगितलं न्हाय. वाटलं, सांगितलं की काम जाईल. पुढं डावाबी गेला.

तुजा उजवा कान जायला लागलाय. व्हय की न्हाय? म्हणून तुला बिनमागाची खोली पायजे. कॉम्प्युटर आन फिम्प्युटर मला सांगू नगंस.

आन मला का सांगितलं न्हाईस त्येबी कळलं. आत्याला वाटंल, मीच पोरीला हाताला धरून त्या आवाजात नेली. व्हय, वाटलं. खोटं कशाला बोलू? चुलीपुढं बसून लई रडले. सूनबाई घाबरली. पण रडून झाल्यावर डोकं जरा थाऱ्यावर आलं, तवा आता नीट ऐक.

त्या कारखान्यानं मला दादला गेल्यावर भाकरी दिली. बिरुदेवाला मोटा केला, तुला शिकवली. अण्णाचं उपकार मी मरंपतूर इसरणार न्हाय. पण पोरी, उपकार फेडायला कुणी कान देत न्हाय. अण्णा मागणारबी न्हाय. मी तुला म्हटलं चांगलं तेवडं सांग. त्येच्यापुढं तुजं सोताचंबी सांगायला पायजे, त्ये म्हणायचं राहिलं माजं.

आदी डॉक्टरकडं जा. मी गेले न्हाई, तू जा. मग अण्णाला तुज्या तोंडानं सांग. त्या बाईचा फोन गेल्यावर कळलं तर त्येला लागंल. त्यो रागावला तर रागावू दे, तेवडा हक हाय त्येचा.

आन टेबल उघडं टाकून जाऊ नगंस. आपल्याकडं पाळी सुटली म्हणून कुणी मशीन बंद करत न्हाय. पुढच्या पाळीची बाई यायची, तिनं सुताला हात लावला की मग आपण हात काडायचा. मशीन चालूच. तसं निंगव्वाला टेबल शिकव आन मग नीघ.

डॉक्टर काय म्हणाला त्ये खरं लिव. लपीवलंस तर मी येष्टीत बसून तितं यीन.

तुजी आत्या


कुंभारी,
६ फेब्रुवारी

आत्या, पाया पडते.

एसटीत बसू नकोस. सगळं खरं लिहिते.

डॉक्टरांनी कानात यंत्र लावून तपासलं. उजवा कान थोडा गेलाय, डावा शाबूत आहे. गेलेलं परत येणार नाही म्हणाले, पण आवाजातून बाहेर पडलीस तर जे आहे ते राहील. आई उजवीकडून हाक मारायची आणि मी ओ द्यायचे नाही, तिला वाटायचं पोरीला शिंगं फुटलीत. तिला त्याच दिवशी सांगितलं. तिनं माझं ताट उचललं आणि स्वतःच्या दुसऱ्या बाजूला ठेवलं.

मग अण्णांकडं गेले. केबिनचं दार लावलं तरी मागांचा आवाज आत येतोच, तुला माहीतच आहे. मी डावा कान त्यांच्याकडं होईल अशी जरा सरकून उभी राहिले. तर तेही सरकले. मी परत सरकले, ते परत सरकले. टेबलाभोवती आमची फुगडीच सुरू झाली. शेवटी ते वैतागून म्हणाले, "अगं, एका जागी उभी राहा की!"

मी म्हटलं, "अण्णा, मला उजव्या कानानं कमी ऐकू येतंय. म्हणून दुसरीकडं नोकरी बघितलीय."

ते म्हणाले, "मलाबी उजव्यानंच येत नाही. म्हणून तर सरकतोय."

आधी आम्ही दोघं हसलो. मग ते खुर्चीत बसले. तुझं नाव घेतलं एकदा. म्हणाले, "म्हाळसाबाईला बल्ब लावला आणि मला वाटलं, मी लई केलं." मन भरून आलं की ते कानडीत जातात. मला म्हणाले, "होगव्वा." म्हणजे जा बाई. माझे डोळे वाहायला लागले तर म्हणाले, "रडू नको, टॉवेल ओले होतील." आत्या, असा माणूस सोडून जाताना पाय कसा निघणार?

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातनं कानाला लावायची टोपडी काढली. मागंही आणली होती, पण कुणी लावली नाहीत. सूत तुटल्याचा आवाज कळत नाही म्हणायचे सगळे. आता अण्णा स्वतः टोपडं लावून दारात उभे राहतात. बिनटोपड्याचं कुणाला आत सोडत नाहीत. कामगार म्हणतात, अण्णा आता बाळंतिणीसारखे दिसतात. सूत तुटलेलं डोळ्यांनी बघायचं ठरलंय, त्यासाठी चार मागांवरचा माणूस आता तीनच माग सांभाळतो. आणि तपासणीचं टेबल त्यांनी मागांच्या रांगेतून उचलून गोदामात, भिंतीपलीकडं नेलं. निंगव्वा त्या टेबलावर तयार झालीय. पहिले दोन दिवस ती प्रत्येक टॉवेलला "चांगलाय की" म्हणत होती. आता माझीच चूक काढते.

मुलाखतीला गेले. तीच खोली, तीच मॅडम, तेच साहेब. बसायच्या आधीच मी विचारलं, "खुर्ची तिकडं ठेवली तर चालेल का?" मॅडम म्हणाल्या, "ठेवा." आणि मग तोच प्रश्न.

अंकितानं लिहून दिलेलं उत्तर पर्समध्येच राहिलं. मी म्हटलं, "मॅडम, त्या दिवशी सांगितलं ते सगळं खरं आहे. अर्धंच सांगितलं होतं. मागांच्या आवाजानं माझा उजवा कान कमी झालाय. डावा मला ठेवायचाय. आमच्या कारखान्यात पाळी संपली म्हणून मशीन बंद करत नाहीत. पुढच्या बाईनं सुताला हात लावला की आपण हात काढायचा. माझी तिथली पाळी संपलीय. निंगव्वाचा हात टेबलाला लागलाय, म्हणून मी माझा काढतेय. अण्णांवर माझा राग नाही, त्यांचा माझ्यावर नाही."

मोठ्यानं बोलले का हळू, आठवत नाही. दार उघडून कुणी बघितलं नाही, म्हणजे ठीकच असेल.

साहेब म्हणाले, "कानाचं सांगितलं नसतं तरी आम्हाला कळलं नसतं."

म्हटलं, "मग रोज खुर्ची वळवावी लागली असती, साहेब."

मॅडमनी तिथूनच अण्णांना फोन लावला. अण्णा फोनवर कसे बोलतात तुला माहिती आहे. मॅडमनी फोन कानापासून हातभर लांब धरला आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आलं. ते म्हणाले, "बाई, पोरीचं काम तुम्ही बघितलंय, त्यावर मी काय बोलू? एकच करा. तिची खुर्ची अशी ठेवा की बोलायला येणारं माणूस तिच्या डाव्या हाताला येईल. उजवीकडनं हाक मारली आणि तिनं बघितलं नाही, तर पोरगी मग्रूर आहे असं समजू नका. तेवढं सांभाळा."

मॅडमनी ते लिहून घेतलं, आत्या. समोर कागद ओढून, लिहून घेतलं.

सतरा तारखेपासून कामावर यायला सांगितलंय.

आप्पा पुढच्या आठवड्यात तिकडं येतायत. त्यांच्या हाती एक पुडकं देतेय, जपून सोड. अण्णांनी शिडीवर चढून स्वतः काढलंय. निंगव्वाला ते लागत नाही म्हणाले, आणि तुझी वस्तू तुझ्याकडंच हवी. टॉवेल पण त्यांनीच गुंडाळलाय.

तुझी,
सोनाली


धनगरवस्ती
२३ फेब्रुवारी

सोने,

तुजा आप्पा ज्ञानबा आला, पुडकं दिलं. टॉवेल सोडला आन आत माजा लाल बल्ब! वायर, बटन, समदं. वायरीवर सुताचं तूस अजून तसंच चिकटलेलं. मी त्ये पुसू दिलं न्हाय.

बिरुदेवानं चुलीच्या वरच्या आड्याला बल्ब टांगला आन बटन दाराच्या चौकटीला बसीवलं. पर त्या शाण्यानं इतकं खाली बसीवलं की पयल्या दिशी आमची शेरडंच अंग घासायची आन बटन दाबायची. बल्ब लागला की मी पळत दारात, तर म्होरं शेळी. तीबी अशी बघती की जणू हिलाच चहाला बोलीवलंय. मग वर सरकीवलं.

आता समदी बटन दाबून येत्यात. सूनबाई पाणी घेऊन आली की दाबती. नातू तर घरातनंच टाचा उंच करून दाबतो आन मी बघितलं की हसतो. लई दिसांनी मला कुणीतरी हाक मारतंय असं वाटतंय. अण्णाला माजा नमस्कार सांग. म्हणावं, म्हाळसाबाईनं दोन्ही हात जोडून सांगितलाय.

तुजी काचंची खोली कशी हाय? खुर्ची बरोबर ठिवली का त्यांनी? ज्ञानबा म्हणाला, तू आता घरातबी हळू बोलतीस आन तुजी आई म्हणती, काय पुटपुटतीस गं. चांगलं हाय. शिकशील हळूहळू.

सुट्टी मिळाली की ये. दारात हुबी राहून वरडू नगंस, बटन दाब. मी बल्ब बघून यीन आन तुज्या डाव्या अंगाला बसून बोलीन. तुला ऐकू यीतंय तवर लई बोलून घिऊ असं म्हणणार न्हाय मी, कारण तुला शेवटपतूर ऐकू येणार हाय. पोरी, आपल्या घरात असला बल्ब एकच बास झाला.

तुजी आत्या,
म्हाळसाबाई